पान्यांची पेटी नव्याने लावताना: एका फिटरच्या नोंदी

मी मेकॅनिकल फिटर, राहायला भोसरीत. कामं ठेकेदाराकडून येतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात साखर कारखान्यांची ऑफ-सीझन दुरुस्ती, मधेअधे कुरकुंभ किंवा लोट्याकडच्या केमिकल प्लांटची शटडाउनं (प्लांट बंद ठेवून करायची दुरुस्ती), क्वचित गुजरातेत दहेजकडचं काम. चेन ब्लॉक, स्लिंगा, मोठे ठोक-पाने (हातोड्याने ठोकून वापरायचे) ठेकेदाराचे; हातातली हत्यारं ज्याची त्याने आणायची. ती आणताना पाठीचं आणि खिशाचं काय होतं हे फिटर मंडळींना सांगायला नको. मोबाइलवर टिपलेलंच इथे जरा नीट लिहून काढलंय.

११ मे २०२५, रविवार

पाच कप्प्यांची पत्र्याची जुनी पेटी गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. भरलेली ३१ किलो. रिकामी साडेसहा. म्हणजे साडेचोवीस किलो लोखंड बाइकवर, एसटीत, जिन्यावर फिरत होतं.

घरी ताडपत्री पसरून सगळं ओतलं आणि तीन ढीग केले: प्रत्येक कामाला लागणारं, कामाप्रमाणे लागणारं, आणि 'असू दे, कधीतरी लागेल'वालं. तिसरा ढीगही मोठाच निघाला. त्यात १२-१३ चे तीन दुतोंडी पाने, मूठ नसलेल्या कानशी, दोन जादा पाईप पाने, घासून गोल झालेल्या ॲलन की आणि कुठल्याशा कपलिंगचे रबरी बुश. मोडक्या हत्यारांचं वजन चांगल्याइतकंच भरतं. साडेसात किलो बाजूला निघालं. त्यातलं निम्मं भंगारात गेलं, उरलेलं माळ्यावर.

१४ मे

आज फक्त पाने. सगळे साइझ न्यायचे म्हटलं की वजन आलंच, त्यामुळे कुठल्या साइटवर कुठला लागतो ते आधी मांडून पाहिलं.

साखर कारखान्यात, मशिनरीवर, मेट्रिक. एम १२ च्या (१२ मिमी जाडीच्या) बोल्टला १९ चा पाना, एम १६ ला २४, एम २० ला ३०, एम २४ ला ३६. नव्या मशिनींवर एम १० ला १७ ऐवजी १६ आणि एम १२ ला १९ ऐवजी १८ लागतो, तेव्हा १६-१८ हवेतच.

केमिकल प्लांटच्या पाइपलाइनीवर हिशोब वेगळा. तिथे फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) अमेरिकन मापाचे, बोल्ट सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). १५० क्लासच्या (हा दाबाचा वर्ग) २ ते ४ इंची लाइनला पाच सुती स्टड (डोकं नसलेला बोल्ट), ६ आणि ८ इंचीला सहा सुती, १० आणि १२ इंचीला सात सुती. नट जाड, हेवी हेक्स. पाच सुतीच्या नटाला २७ चा पाना चपखल, सहा सुतीला ३२ चा. सात सुतीचा नट १ ७/१६ इंचाचा, म्हणजे साडेछत्तीस मिमी. ३६ चा पाना त्यावर कधी बसतो, कधी रंगाच्या थराला अडतो. ठोकून बसवला तर काढताना घाम फुटतो.

म्हणून बुधवारच्या जुन्या बाजारातून १ ७/१६ इंची एक रिंग पाना आणला. दोनशे रुपये. घेताना रिंगच्या आतले कोपरे बोटाने चाचपायचे. गोल लागले तर फुकट दिला तरी घ्यायचा नाही.

आता दोन संच झाले, कारखान्याचा आणि प्लांटचा. १० ते १९ दोन्हीकडे, बाकीचे कामाप्रमाणे. एवढ्यानेच पेटीची बरीच जागा मोकळी झाली.

२० मे

चाकांची पेटी बनवायला घेतली. १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, कोपऱ्यांना लोखंडी अँगल, खाली ७५ मिमीची नायलॉनची चार चाकं, वर घडीचा दांडा. माप ६० × ३५ × ३० सेंमी. सुताराची मजुरी धरून २,३५० रुपये. दिसायला झकास.

रिकामी काट्यावर ठेवली तर ११ किलो. पत्र्याची साडेसहा होती! पण चाकं आहेत, उचलायची कुठे, ओढायचीच आहे, असं म्हणून सोडून दिलं.

२८ मे, साखर कारखाना, सोलापूर जिल्हा

पाऊस यंदा मेमध्येच आला. यार्डात ऊस-गाड्यांच्या चाकोऱ्या, त्यात पाणी, वर खडी. ७५ मिमीचं चाक खडीत फिरतच नाही, नांगरासारखं जमीन उकरत जातं. हेल्पर आणि मी दोन बाजूंनी धरून ती पेटी मिल हाउसपर्यंत नेली.

आत त्याहून वाईट. प्लॅटफॉर्मला जाळी, पट्ट्यांमधली फट तीन सेंमीच्या आसपास. माझं चाक अडीच सेंमी रुंद. पट्टीच्या दिशेने ओढलं की चाक थेट फटीत. एकदा असं बसलं की पेटी पुढे कलंडली, झाकण उघडलं आणि १९ चा सॉकेट जाळीतून खाली मिलच्या ट्रेमध्ये. बंद मिल होती आणि खाली माणूस नव्हता म्हणून बोलाचालीवर भागलं. फोरमन एवढंच म्हणाला, "मिस्त्री, ही गाडी खालीच लावा." त्याचं बरोबरच होतं.

जाळीवर चाकाची पेटी न्यायचीच नाही. मोठं चाक असेल तरी नाही. जाळीवर सांडणारं प्रत्येक हत्यार खालच्या माणसाच्या डोक्यावर जातं.

८ जून

प्लायची पेटी घरी धान्याला दिली. पैसे गेले, पण एक गोष्ट लक्षात आली: चाकं पेटीला लावायचीच नाहीत. चाकं वेगळी, पेटी वेगळी. जिथे रस्ता आहे तिथे चाकं, जिथे नाही तिथे हात.

१,६५० रुपयांची घडीची हातट्रॉली घेतली, पोती वाहायला वापरतात तसली. रबरी चाकं, सहा इंचाच्या वर. रॅचेट पट्ट्याने जुनी पत्र्याची पेटी तिला आवळायची. गेटपासून शेडपर्यंत ओढायची, तिथे पट्टा सोडायचा.

हत्यारांची विभागणीही बदलली. आजवर प्रकाराने लावत होतो: पाने एका कप्प्यात, पकडी दुसऱ्यात, कानशी-छिन्न्या तिसऱ्यात. दुकानात ठीक आहे ते. साइटवर वर चढताना तीन कप्प्यांतून चार वस्तू काढायच्या आणि नेमकी पाचवी खाली राहायची. आता जागेने लावलंय. जमिनीवर राहणारी पेटी: हातोडे, पुलर, छिन्न्या, कानशी, हेक्सा, पाईप पाना. अंगावर चढणारी पिशवी: पान्यांची वळकटी, पक्कड, पेचकस, टॉमी (सरळ कांब), मार्कर. आणि अंगावेगळी न होणारी छोटी थैली: व्हर्निअर, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), डायल (घड्याळासारखी सुई असलेलं मापक), पाणसळ. ही थैली बाइकवर पाठीला असते, कॅरिअरवर कधीच नाही. कॅरिअरच्या हादऱ्यांनी डायलची सुई अडकायला लागते, मग सगळं अलाइनमेंट (शाफ्ट एका रेषेत आणणं) संशयास्पद.

१५ जून

वळकटी शिवायला सीट-कव्हरवाल्या चाचांकडे गेलो. ताडपत्रीचं जाड कापड माझं, शिलाई त्यांची. मी सरळ उभ्या रेघा मारून आणल्या होत्या, सगळे कप्पे सारखे. चाचांनी एक नजर टाकली.

"मिस्त्री, आठचा पाना आणि बत्तीसचा पाना एकाच मापाच्या खिशात घालणार? आठचा आत बुडेल आणि बत्तीसचा शिवण फाडेल."

त्यांनी पाने स्वतः मांडले, प्रत्येकाभोवती खडूने रेघ मारली, जाडीसाठी दीड बोट सोडलं. खिशाची खोली पान्याच्या दोन-तृतीयांश. वर झडप हवी, हे त्यांनीच सांगितलं. झडपेशिवाय वळकटी उलटी धरली की पाने मटक्यातल्या कुल्फीसारखे निसटतात. खिशाच्या तळाला दुहेरी कापड आणि चौकोनी शिलाई, वर आडवी शिलाई. दोरा नायलॉनचा, सुती दोरा ओलाव्याने कुजतो.

नंबर झडपेच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने लिहिले. खिशावर लिहिले तर पान्याचं तोंड त्यावर येतं. रिकामा खिसा लांबूनच ओरडतो, हा खरा फायदा. दोन वळकट्या (कारखान्याची आणि प्लांटची) मिळून ९०० रुपये.

२१ जून

बरेच जण रंगाची वीस लिटरची बादली वापरतात. मीही वापरून पाहिली. जमिनीवर उत्तम: उभी राहते, पाणी आत येत नाही, फुकट. पण ती दोरीने वर ओढायची नाही. तारेची कडी प्लास्टिकच्या कानातून कधी सुटेल सांगता येत नाही आणि बादलीवर भार लिहिलेला नसतो, त्यामुळे सेफ्टीवाले हरकत घेतात. वर चढवायला भार छापलेली कॅनव्हासची लिफ्टिंग बॅग ठेकेदाराकडून मागून घ्या.

६ जुलै

खुणा. दहा फिटर एकाच शेडमध्ये, सगळ्यांचे पाने एकाच कंपनीचे. संध्याकाळी "हा माझा" यावरून भांडणं.

रंगीत इन्सुलेशन टेप तेलाने दोन दिवसांत सुटते, चिकटा मात्र राहतो. मग हीट श्रिंक स्लीव (तापवली की आकसणारी नळी) आणली, पिवळी-निळी. पेचकस आणि टॉमीवर मस्त बसली. पान्यावर फसली. स्लीव २:१ ची, म्हणजे आकसून निम्मी होते. २४ च्या पान्याचं तोंड ओलांडून जायला स्लीव तेवढी रुंद हवी, आणि निम्मी झाली तरी दांड्यावर सैलच. ४:१ ची घेतली तर बसेल, पण तिच्या पैशांत नवा पाना येतो. नंबरी पंच मारून बघू नका. पाना कडक केलेला असतो, पंचाचं तोंड जातं आणि क्रोम तडकतं.

शेवटी पान्याच्या दांड्यावरचा खोलगट भाग कामी आला, जिथे कंपनीचं नाव असतं. थिनरने पुसून त्यात इनॅमलचा पिवळा रंग भरला. वरचा रंग पुसला जातो, खोलातला राहतो. शिवाय कार्बाइड टोकाच्या इलेक्ट्रिक एनग्रेव्हरने आडनावाची दोन अक्षरं. एनग्रेव्हर शेजारच्या गाळेवाल्याचा, चहावर काम झालं.

१७ जुलै, कुरकुंभ एमआयडीसी

गेट. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि त्याचा पगार कोणी देत नाही.

हत्यारांची यादी दोन प्रतींत लागते, शिक्का मारून एक आपल्याकडे. पूर्वी यादी अशी असायची: पाने १४, पक्कड २, पेचकस ५. बाहेर पडताना सिक्युरिटीवाला सगळं ओतायला लावायचा, कारण १४ मोजायचे कसे? आता यादी पिशवीप्रमाणे केली: वळकटी क्र. १, खिसे १२, प्रत्येक खिशाचा साइझ. वळकटी उघडली की एका नजरेत मोजणी. सुटताना आमच्या आधीच्या टोळीचं ओतणं-मोजणं चाललं होतं, आम्ही बाजूने निघालो.

अडवलेल्या वस्तूंमध्ये घरी वेल्ड केलेला माझा टी-पाना होता (घरगुती हत्यार आत चालत नाही), एक छिन्नी, आणि हेल्परचा ग्राइंडर. छिन्नीच्या डोक्याच्या कडा ठोकून-ठोकून फुलल्या होत्या. अशी कड उडून डोळ्यात जाते, त्यामुळे अडवणाऱ्याला दोष नाही. ग्राइंडरला गार्ड होता पण प्लग टॉप नव्हता, नुसत्या वायरी. छिन्नी गेटबाहेरच्या वेल्डिंगवाल्याकडे घासून परत आणली. टी-पान्यासाठी गेटवरचं खोकं, आणि परत येताना ते खोकं कुलूपबंद, किल्लीवाला जेवायला गेलेला.

यावरून पुढचं: निघायच्या आदल्या संध्याकाळी 'गेटची नजर' एकदा फिरवतो. वायर, प्लग, गार्ड, कानशीची मूठ, हातोड्याचा दांडा, छिन्नीचं डोकं. पाईप घालून लांब केलेला पाना असेल तर तो घरीच. बॅटरीवरचा इम्पॅक्ट (नट सोडवायचं यंत्र) सॉल्व्हंटच्या भागात हॉट वर्क परमिटशिवाय (ठिणगीच्या कामाची परवानगी) नेता येत नाही. आत ठिणगी पडते. तिथे कंपनीचीच पितळी रंगाची नॉन-स्पार्किंग हत्यारं मिळतात. तेव्हा त्या कामाला इम्पॅक्ट आणि चार्जर दोन्ही नेत नाही, साडेतीन किलो वाचतात.

३ ऑगस्ट, लोटे

कुंभार्ली घाट उतरलो तेव्हापासून पाऊस थांबलेला नाही. प्लांटमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. अशा हवेत उघडा ठेवलेला पाना रात्रीतून तांबूस होतो.

पेटीच्या तळाला जुन्या गादीचा फोम कापून टाकला होता, हत्यारं आदळू नयेत म्हणून. तो पाणी पितो आणि सोडत नाही. सकाळी फोम पिळला तर काळं पाणी निघालं, त्यावर बसलेल्या कानशी लाल. फोम फेकला. इथे चिपळूणच्या दुकानात लहान मुलांच्या खेळायच्या कोड्यासारख्या जोडायच्या मॅट मिळाल्या, त्या ईव्हीएच्या. बंद पेशींचा फोम, पाणी आत जात नाही. निळी खाली, पिवळी वर. पिवळीत हत्याराच्या आकाराचं भोक कापायचं, हत्यार नसलं की निळं दिसतं. नवं कटर पातं घ्या आणि एका दमात कापा, करवतीसारखं पुढे-मागे केलं तर कड खारकेसारखी होते. ४८० रुपये.

तेलाबद्दल: स्पिंडल ऑइल चिंधीवर घेऊन पुसायचं, ओतायचं नाही. जास्त झालं की पाना हातातून सटकतो आणि धूळ धरतो. तीच चिंधी पेटीत ठेवायची नाही, ती ओली राहते. डायल आणि व्हर्निअर गंजरोधक व्हीसीआय कागदात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात, नारंगीच्या हिरव्या होतात तेव्हा तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र घरच्या तव्यावर नाही, टाकाऊ पातेल्यात. निळ्या पुड्यांत कोबाल्ट असतो, त्या घेऊच नका. कापराच्या वड्या ठेवायची पद्धत जुनी आहे, पण दिवसातून वीसदा उघडणाऱ्या पेटीत कापूर उडून जातो.

आज दिवसभरात फारसं काम झालं नाही, हत्यारं पुसण्यातच गेला.

१७ ऑगस्ट

दहेजचं काम आलंय, भरूचपर्यंत रेल्वेने. स्लीपरला ४० किलो सामान मोफत, जनरलला ३५, त्यामुळे वजनाची काळजी उरली नाही. अडचण मापाची. डब्यात न्यायच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंमीच्या आत हवं. पत्र्याची पेटी कप्प्यांमुळे तशीही जाड, सीटखाली सरकतच नाही.

भोसरीत एका फॅब्रिकेटरकडून दीड मिमीच्या ॲल्युमिनियम पत्र्याची पेटी वाकवून घेतली. ५५ × २८ × २२. बिजागऱ्या-कडीसह सव्वातीन किलो, खर्च ३,२००. रिव्हेट ॲल्युमिनियमचेच मारायला सांगितले. लोखंडी रिव्हेट दमट हवेत आजूबाजूचा पत्रा खातात. कडा दुमडून घेतल्या, नाहीतर बोटं कापतात.

स्प्रेचा डबा, थिनर, गॅसचं काडतूस यांतलं काहीही रेल्वेत न्यायचं नाही. ज्वलनशील आहे. ते साइटवरून घ्यायचं.

२४ ऑगस्ट, दहेज

पेटी सीटखाली आरामात गेली. भरूच स्टेशनच्या जिन्यावर ट्रॉली उपयोगाची नाही, तेव्हा पेटी एका हातात, ट्रॉली दुसऱ्या. हमाल लागला नाही.

पाइप रॅकवर काम. हत्याराला लॅनयार्ड (हत्यार अंगाला बांधायची दोरी) सक्तीचं. सुतळी चालत नाही. लॅनयार्डवर भार लिहिलेला हवा. रिंग असलेल्या पान्याला रिंगमधूनच फास घालता येतो. दुतोंडी पान्याला मात्र धरायला काही नाही. दांड्याला भोक पाडायचं नाही, पाना तिथूनच तुटतो. म्हणून उंचीवरच्या वळकटीत आता सगळे कॉम्बिनेशन पाने (एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड), दुतोंडी खालच्या पेटीत. चार लॅनयार्ड, १,४०० रुपये. मला महाग वाटले होते. पहिल्याच पाळीत २७ चा हातातून सुटला आणि कमरेला लोंबकळत राहिला, मग काही वाटलं नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजेसाठी सगळी हत्यारं बाहेर काढली, तसं पुन्हा काटा आणला. पेटी १३ किलो, वळकटीची पिशवी साडेसहा, मापाची थैली अडीच. एकूण २२. माळ्यावरचं मेपासून एकदाही खाली उतरलेलं नाही. फक्त दुसरा पाईप पाना एकदा लागला, तो हेल्परकडून मागितला.

राहिलेली कामं: पेटीच्या कडीला नंबरी कुलूप लावलं होतं, पाळी बदलताना हेल्परला नंबर आठवेना, कापावं लागलं. आता किल्लीचं, एक किल्ली त्याच्याकडे. ट्रॉलीचा एक रबर सुटायला आलाय. प्लांटच्या वळकटीत १ ७/१६ च्या खिशाची शिवण उसवली. चाचा म्हणतात दसऱ्यानंतर या.

पुढचं काम एका प्लांटमधल्या पंपांचं. २७ आणि ३२ शिवाय काही लागणार नाही, असं फोरमन सांगतो. फाउंडेशन बोल्ट एम २० आहेत हे त्याच्या ध्यानात नाही. ३० चा पाना वळकटीत घातलाय.